ड्रोन पुढे, चौकशी मागे : महाराष्ट्रातील गावठाण मोजणीचा प्रकरण अभ्यास

१८ जानेवारी २०२५ रोजी स्वामित्व योजनेत, म्हणजे गावठाणातली घरे ड्रोनने मोजून मालकांना जागेचा कागद देण्याच्या केंद्राच्या योजनेत, एकाच दिवशी ६५ लाखांवर मिळकत पत्रिका (घरजागेचे सरकारी उतारे) वाटल्या गेल्या. त्या वेळी केंद्र सरकारने दिलेले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ड्रोन उडून झालेली गावे ३ लाख १७ हजारांवर होती, तर पत्रिका तयार झालेली गावे १ लाख ५३ हजारांवर. आकाशातून मोजून झालेल्या दर दोन गावांपैकी एका गावचा कागद अजून तयार व्हायचा होता. मोठ्या मोजणी प्रकल्पाचे नियोजन कुठे चुकते, हे या फरकात दिसते. उड्डाणाला एक सकाळ लागते. कुणाचे घर कुठे संपते आणि ते कुणाच्या नावावर लावायचे, याच्या चौकशीला कित्येक आठवडे लागतात. आणि वेळापत्रक बहुतेक वेळा उड्डाणाच्या वेगावर बेतले जाते.

महाराष्ट्राचे उदाहरण यासाठी घेतले की इथे हे काम योजनेच्या आधीपासून चालू होते. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी असलेल्या सोनोरी गावात ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी मिळून ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, स्वामित्व योजना जाहीर झाली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्या ७६३ गावांतल्या पत्रिका निघाल्या, त्यात महाराष्ट्रातली १०० गावे होती. इतर राज्यांत छापील पत्रिका लगेच हाती पडल्या. महाराष्ट्रात सनदेसाठी (मालकाला मिळणाऱ्या सरकारी दाखल्यासाठी) नाममात्र शुल्क घेण्याची पद्धत असल्याने इथे महिन्याभराचा अवधी ठेवावा लागला. शुल्क किरकोळ असले तरी चलन, भरणा, पावती हे सगळे आले. राज्याराज्यांतला एवढासा फरकही वेळापत्रकात धरावा लागतो.

गावठाणच का राहिले होते?

इंग्रजी अमदानीत शेतजमीन मोजली गेली कारण तिच्यावर आकार बसवायचा होता. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून नकाशात सगळे गावठाण एकाच रेषेत बंदिस्त करून सोडून दिले. पुढे नगर भूमापन, म्हणजे वस्तीतल्या घरजागांची मोजणी, झाले तेही साधारणपणे २००० हून जास्त वस्तीच्या गावांत. बाकीच्या गावांत घरमालकाच्या हातात काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. शेतीला सातबारा आहे, पण ज्या घरात माणूस राहतो त्याच्या जागेचा नकाशाच नाही, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कर्ज काढायचे तर शेत तारण, कारण घराचा कागद बँक धरत नाही. हे काम मनापासून करण्यासारखे आहे ते यामुळे.

हद्द: एका रेघेची जाडी

पहिली अडचण ड्रोन उडण्याआधीच येते. गावठाणाची बाहेरची हद्द कोणती? जुना गाव नकाशा एका इंचाला २० साखळ्या या प्रमाणाचा. साखळी ३३ फुटांची, म्हणजे प्रमाण १:७९२० झाले. कागदावर शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तर जमिनीवर ती जवळजवळ ४ मीटर रुंद होते. चार मीटर म्हणजे घराची एक खोली. असा नकाशा स्कॅन करून ड्रोनच्या चित्रावर सरळ पसरवला, तर कडेची घरे निम्मी गावठाणात आणि निम्मी शेजारच्या गटात दिसू लागतात. त्यातून निघालेल्या पत्रिका पहिल्याच हरकतीत पडतात.

म्हणून हद्द आधी जागेवर कायम करायची. जुन्या मोजणीचे दगड, त्रिगाव (तीन गावांच्या हद्दी मिळतात ती जागा), न हललेले बांध आणि विहिरी शोधायच्या, त्यांची जागा रोव्हरने (काठीवर बसवलेल्या उपग्रह-मापकाने) मोजायची, जुना नकाशा या बिंदूंवर बसवायचा आणि लगतच्या गटांच्या टिपणांशी (जुन्या मोजणीच्या मापांच्या कागदांशी) ताडून पाहायचा. किमान पाच-सहा पक्के बिंदू आणि तेही गावठाणाच्या चहूबाजूंना पसरलेले हवेत. सगळे एकाच अंगाला सापडले तर दुसरी बाजू फिरते. त्यात विस्तारित गावठाणाचा आदेश, पुनर्वसनाचे भूखंड, गायरानातली घरे असे काही असेल तर त्याचे कागद तहसीलमधून आधीच काढून ठेवावेत. गायरानातल्या घरांचे काय, हा प्रश्न मोजणी पथकाला गावात हमखास विचारला जातो. हे घर या मोजणीत येते की नाही, याचे स्पष्ट उत्तर ग्रामसभेत पहिल्याच दिवशी द्यावे. ते लांबवले की चौकशीच्या वेळी सारे गाव अंगावर येते.

चुना

या सगळ्या प्रकल्पात सर्वांत स्वस्त वस्तू चुन्याची फक्की, आणि सर्वांत जास्त काम तिच्यावरच बिघडते. ड्रोनला भिंत आणि छप्पर दिसते. बखळ, परडे, अंगण, गोठ्यामागची जागा यांच्या हद्दी दिसत नाहीत, त्या मालकांनी चुन्याने आखून दाखवायच्या असतात.

रेघ किती जाड हवी, हे कॅमेऱ्यावर ठरते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २० मिलिमीटरचे भिंग आणि १२० मीटर उंची धरली तर चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण २.३ सेंटिमीटरचा पडतो. रेघ स्वच्छ ओळखू यायला निदान चार ठिपके हवेत, म्हणजे १० सेंटिमीटर. हाताच्या पंज्याएवढी रुंदी म्हटले की गावात सगळ्यांना कळते. प्रत्यक्षात लोक चिमटीने फक्की सोडतात. तीन-चार सेंटिमीटरची ती रेघ मुरमाड, पांढरट जमिनीवर चित्रात विरून जाते. अशा ठिकाणी फक्कीऐवजी ओला चुना किंवा गडद रंग वापरावा. काळ्या मातीत फक्की उत्तम दिसते.

आखणी उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर करावी. चार दिवस आधी केली तर गुरे, ट्रॅक्टर आणि झाडलोट यांत पुसून जाते, आणि अवकाळीची एक सर आली तर काहीच उरत नाही. आखणीला दोन्ही शेजारी हजर हवेत आणि सोबत ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), पोलीस पाटील यांपैकी कुणीतरी. वाद असेल तिथे तो तिथल्या तिथे मिटवायला बसू नये. दोघांनाही आपापली रेघ मारू द्यावी. नकाशात दोन्ही रेघा येतात, मधली पट्टी वादग्रस्त म्हणून नोंदवायची आणि निवाडा चौकशीवर सोडायचा. एकच रेघ मारून घेतली की दुसरा पक्ष ती रात्री पायाने पुसतो, आणि मग सकाळी ड्रोन थांबवून भांडण ऐकावे लागते.

याच फेरीत नमुना ८ मधला घर क्रमांक गेरूने प्रत्येक दारावर लिहून घ्यावा. रजिस्टर, दार आणि पुढे नकाशातली आकृती या तिन्हींवर एकच क्रमांक असला की नंतरचे निम्मे काम हलके होते. ११२, ११२/१, ११२/अ अशी फोड रजिस्टरमध्ये असते. ती भावाभावांच्या वाटणीची आहे की वरच्या मजल्याची की निव्वळ घरपट्टीच्या सोयीची, हे दाराशी उभे राहूनच समजते.

उड्डाण

चौरस आकाराचे सुमारे २० हेक्टरचे गावठाण घेऊ, म्हणजे बाजू ४५० मीटर. कडेला ५० मीटर जादा धरून ५५० बाय ५५० मीटर उडायचे. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात सुमारे १४० बाय ९४ मीटर जागा येते. पुढच्या चित्राशी ८० टक्के आणि शेजारच्या ओळीशी ७० टक्के एकमेकांवर चढ ठेवला तर दर १९ मीटरला एक चित्र आणि ४२ मीटरवर एक ओळ पडते. १४ ओळी, दर ओळीत ३० चित्रे, एकूण ४२०. ओळींची लांबी पावणेआठ किलोमीटर. सेकंदाला ८ मीटरने उडले तर १६-१७ मिनिटे आणि वर वळणे. वारा पडलेला असेल तर एका बॅटरीत काम होते. तरी तीन बॅटऱ्या भरून न्याव्यात.

चित्रांचा एवढा चढ का, असे विचारून तो कमी करण्याचा मोह होतो, कारण चित्रे आणि वेळ दोन्ही वाचतात. सहा मीटर उंच छप्पर ड्रोनच्या खालच्या बिंदूपासून ६० मीटर लांब असेल तर चित्रात ते जवळजवळ ३.२ मीटर बाहेर झुकलेले दिसते. २० मीटरवर हाच झुकाव साधारण एक मीटर. चढ भरपूर असला की प्रत्येक घरासाठी जवळच्या चित्राचा मधला भागच वापरता येतो. दाट गावठाणात बोळ चार-पाच फुटांचा असतो. तिथे तीन मीटर झुकलेले छप्पर बोळच गिळून टाकते, आणि नकाशात वहिवाटीची वाट नाहीशी होते.

सकाळी दहा ते दोन ही वेळ बरी, सावल्या आखूड असतात. उपग्रहावरून काढलेल्या जागेतली चूक बिनतारी संदेशाने दुरुस्त करण्यासाठी राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ कायमस्वरूपी उपग्रह संदर्भ स्थानके आहेत, त्यामुळे प्रत्येक गावात स्वतःचे तळस्थानक लावून तासन्‌तास बसावे लागत नाही. तरीही चार कोपरे आणि मध्य असे पाच ठळक खुणेचे बिंदू जमिनीवर मोजावेत आणि आणखी चार बिंदू फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवावेत. हे चार गणितात घ्यायचे नाहीत. तयार चित्रावर ते १० सेंटिमीटरच्या आत बसले तरच गाव पुढे जाऊ द्यावे. वेळ नाही म्हणून तपासणीचे बिंदूही गणितात घेतले जातात, आणि चूक आहे हेच मग दिसत नाही.

एक चूक या राज्यात सहज होते. नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाचा पट्टा ७८ अंश रेखांशावर बदलतो. पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती ४३ व्या पट्ट्यात, तर वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ व्या. पुण्याच्या सवयीने फाइलवर ४३ चा शिक्का मारला की वर्ध्याचे गाव सहा अंश पश्चिमेला, म्हणजे सहाशे किलोमीटरवर जाऊन पडते. हे लगेच लक्षात येते म्हणून एक वेळ परवडते. रोव्हरच्या काठीची उंची तिरकी मोजून सरळ म्हणून भरली, अशा चुका मात्र कागदपत्रात दडून राहतात.

पागोळी

कच्चा नकाशा हाती आला की भूकरमापक (भूमी अभिलेखचा मोजणी कर्मचारी) घरोघर फिरून तो पडताळतो. इथे सर्वांत जास्त वेळ जातो तो पागोळ्यांपायी. ड्रोनला छपराची कड दिसते, भिंत दिसत नाही. ३० बाय २० फुटांचे घर घ्या, ६०० चौरस फूट. चारी बाजूंना दीड फूट पागोळी असेल तर वरून ते ३३ बाय २३ म्हणजे ७५९ चौरस फूट दिसते, सव्वीस टक्के जास्त. शेजारच्या घराचीही तशीच, आणि दोन्ही पागोळ्या बोळावर आलेल्या. संगणकावर बसून आकृती काढणाऱ्याला हे दिसणे शक्य नाही. भिंतीपासून छपराच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने प्रत्येक बाजूला मोजून कच्च्या नकाशावर लिहावे लागते, आणि पागोळीखालची जागा वहिवाटीने कुणाची हे विचारावे लागते. गावोगावी याचे रिवाज वेगळे आहेत, त्यामुळे सगळ्या जिल्ह्याला एकच नियम लावून चालत नाही.

जुन्या वाड्यांच्या सामाईक भिंती दोन-अडीच फूट जाड असतात. हद्दीची रेघ भिंतीच्या मध्यावर की एका अंगाला, एवढ्यावर चौरस मीटर बदलतात. नमुना ८ मध्ये क्षेत्र चौरस फुटांत आणि बहुधा बांधकामाचे, नव्या नकाशात चौरस मीटरमध्ये आणि परड्यासह. १० चौरस फुटांना एक चौरस मीटर धरणारेही असतात, खरा आकडा १०.७६४ आहे. "माझी जागा कमी भरली" अशा तक्रारींपैकी बऱ्याच या रूपांतरात आणि या दोन क्षेत्रांच्या गोंधळात असतात. नोटिशीत दोन्ही एककांत क्षेत्र छापले तर त्या येतच नाहीत.

कोकणात ही सगळी पद्धत अर्धीच चालते. माड-पोफळीखाली घर झाकलेले, वाड्या विखुरलेल्या, पागोळ्या पावसापायी आणखी लांब. तिथे टोटल स्टेशनने (तिकाटण्यावरच्या अंतर-कोन मोजणाऱ्या यंत्राने) जमिनीवरून मोजण्याची तरतूद अंदाजपत्रकात सुरुवातीपासून हवी. ड्रोन उडवून बघू आणि राहिलेले नंतर मोजू, असे ठरवले की तेच काम दोनदा होते.

चौकशी

आता मुख्य गाठ. एका तालुक्याचा अंदाज मांडू. १०० गावे, दर गावी ३०० मिळकती धरल्या तर ३०,००० मिळकती. एक उड्डाण पथक दिवसाला ३ गावे करते, ३४ दिवसांत उड्डाण संपते. आकृती काढणारा दिवसाला १२० मिळकती करतो, पाच जण ५० दिवसांत मोकळे होतात. पडताळणीचे दोघांचे पथक दिवसाला ५० मिळकती करते, चार पथकांना १५० दिवस लागतात. चौकशी अधिकारी दिवसाला ४० प्रकरणे नीट ऐकू शकतो. तीन अधिकारी नेमले तरी २५० कामाचे दिवस, म्हणजे वर्ष गेले. वर हरकतींची मुदत, रजा, निवडणूक आणि जनगणनेची कामे.

उड्डाणाच्या प्रगतीचा अहवाल दर आठवड्याला वर जातो आणि आकडा फुगलेला दिसतो. आतून मात्र चित्र शिळे होत असते. वर्षभरात घरकुले उभी राहतात, भिंती पडतात, वाटण्या होतात, चुना तर दुसऱ्याच दिवशी गेलेला असतो. दीड वर्षाने चौकशीला गेलेला अधिकारी चित्रात गोठा दाखवतो, समोर दुमजली घर उभे असते. मग फेरमोजणी. यावर इलाज एकच, आणि तो प्रकल्प प्रमुखाने सुरुवातीला हट्टाने लावून धरावा: सहा महिन्यांत चौकशी उरकेल तेवढ्याच गावांवर ड्रोन उडवायचा. वरच्या हिशोबात ती ५० गावे होतात. ड्रोन पथक रिकामे बसलेले दिसले तर दिसू द्यावे, ते दुसऱ्या तालुक्यात पाठवता येते.

चौकशीत अडते कुठे? नमुना ८ वर मेलेल्या माणसाचे नाव असते. मुलगे तिघे, एक गावात, एक सुरतेला, तिसऱ्याशी बोलचाल नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे कुणी सांगत नाही. इथे घाईने गावात हजर असलेल्याचे एकट्याचे नाव लावले तर पत्रिका वेळेत निघते आणि दावाही तिच्यामागून येतो. म्हणून ड्रोन येण्याच्या दोन महिने आधी ग्रामसेवकाने नमुना ८ अद्ययावत करावा, वारसांची यादी बहिणींसकट घ्यावी, पती-पत्नी दोघांची नावे जिथे लागली आहेत ती तपासावीत. मालक न सापडलेल्या मोकळ्या जागा सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या दाखवल्या की गावात खळबळ उडते. बऱ्याचदा ती कुणाची तरी पडकी बखळ असते. अशा जागांची वेगळी यादी चावडीवर आणि देवळात लावावी आणि दवंडी पिटावी.

चौकशीच्या तारखा कार्यालयाच्या सोयीने लावू नयेत. उड्डाणाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. नेमके त्याच दिवसांत बीड आणि अहिल्यानगरच्या कितीतरी गावांतली कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात, दारांना कुलपे. तिथे उड्डाण हिवाळ्यात झाले तरी चौकशी तोडणी संपवून लोक परतल्यावर, पेरणीच्या आधी बसवावी. कोकणात उलटे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. गणपतीत पाऊस असतो, ड्रोन उडत नाही, पण चौकशीला सगळे भाऊ एका घरात सापडण्याचे तेच दिवस. गौरी-गणपतीचे विसर्जन आणि परतीची एसटी यांमधले दोन-तीन दिवस धरून नोटिसा काढल्या तर गैरहजेरीची प्रकरणे निम्म्याने तरी टळतात.

रवांडाने २००९ ते २०१३ या काळात एक कोटीहून जास्त जमीनतुकड्यांची नोंद केली. तिथे सेंटिमीटरचा आग्रह धरला नाही. हवाई चित्राचा मोठा छापील कागद गावात न्यायचा, गावातल्याच प्रशिक्षित तरुणांनी शेजाऱ्यांसमक्ष त्यावर पेनाने हद्द काढायची आणि तिथेच दावा नोंदवून पावती द्यायची, अशी पद्धत होती. मोजणी आणि चौकशी एकाच फेरीत होत असल्याने दोन्हींत अंतर पडत नव्हते. पाच फुटी बोळांच्या गावठाणात पेनाची रेघ पुरणार नाही, पण दाव्याची नोंद चुना आखतानाच घेणे इथेही सहज जमते. त्यासाठी पथकात एक लिपिक आणि छापील अर्ज एवढेच लागते.

पत्रिका निघाल्यानंतर

अंतिम नकाशा झाला, सनद दिली, की पथक उठते. खरी परीक्षा पहिल्या खरेदीखताला आणि पहिल्या मृत्यूला होते. घर विकले गेले की घरपट्टीसाठी ग्रामपंचायत नमुना ८ बदलते. मिळकत पत्रिकेवर फेरफार मात्र तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात व्हावा लागतो. लोक जवळच्या ठिकाणी जाऊन एक नोंद करून घेतात आणि काम झाले असे समजतात. काही वर्षांत एकाच घराचे दोन कागद दोन नावे सांगू लागतात. रवांडातही नोंदणीनंतरची वाटणी आणि विक्री रजिस्टरबाहेर राहण्याची अडचण आली.

म्हणून मोजणीच्या अंदाजपत्रकातच पुढच्या पाच वर्षांच्या फेरफाराची माणसे आणि खर्च दाखवावा. नमुना ८ च्या रजिस्टरला एक रकाना वाढवून त्यात मिळकत पत्रिकेचा क्रमांक लिहावा, आणि ग्रामसेवकाने नाव बदलण्याचा अर्ज घेताना पत्रिकेवरच्या फेरफाराची पोच मागावी. पोच नसेल तर तोच अर्ज ग्रामपंचायतीतून भूमी अभिलेखाकडे पाठवावा, अर्जदाराला तालुक्याला पिटाळू नये. दारावरचा गेरूचा क्रमांक तोवर धुऊन गेलेला असेल. घरपट्टीच्या पावतीवर मात्र दोन्ही क्रमांक दरवर्षी छापता येतात.